सोलापुरात फौजदारी गुन्हा दाखल झाला तर : पहिल्या फोनपासून निकालाच्या दिवसापर्यंत, क्रमाने

गुन्हा दाखल झाल्याचं कळलं की घरातून पहिला फोन जातो ओळखीच्या नगरसेवकाला. दुसरा, पोलिसात ओळख असलेल्या कुणाला तरी. मग चार माणसं घेऊन थेट पोलीस ठाणं गाठायचं, साहेबांना समजावून सांगायला. तिथे जे बोलू नये ते बोललं जातं, नको त्या कागदावर सही होते, आणि वकील आठवतो तो अटक झाल्यावर, रात्री उशिरा. विधी स्वयंसेवक म्हणून कोर्टाच्या आवारात मदत करताना हा उलटा क्रम मी पुन्हा पुन्हा पाहतो. त्यात गरिबाचं नुकसान सगळ्यात जास्त होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. त्या दिवशी किंवा नंतर घडलेल्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागते, आधी घडलेल्याला जुनं दंड विधान. खाली दिलेली प्रक्रियेची कलमं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची आहेत.

टप्पा १ : हातात नेमका कोणता कागद आला ते ओळखा

‘केस झाली’ असं आपण सगळ्यालाच म्हणतो, पण पुढची धावपळ कागदावर अवलंबून असते.

अदखलपात्र नोंद, म्हणजे ‘एनसी’ : न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस यात तपास किंवा विनावॉरंट अटक करू शकत नाहीत. घाबरू नका, पण नोंदीचा नंबर लिहून ठेवा.

चॅप्टर केसची नोटीस (कलम १२६ वगैरे) : हा गुन्हा नाही, शांतता राखण्याचं बंधपत्र घेण्याची कारवाई आहे. ती कोर्टात नाही, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते. शहरात सहायक पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात बहुधा तहसीलदारांकडे. नोटिशीवर कोणत्या कार्यालयाचं नाव आहे ते वाचून तिथेच जा.

दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर, म्हणजे ज्या गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास आणि विनावॉरंट अटक करू शकतात त्याची ठाण्यात नोंदवलेली पहिली खबर : हा लेख मुख्यतः याबद्दल आहे.

कोर्टाचं समन्स : चेक न वटल्याच्या प्रकरणात पोलीस मध्ये नसतात, समन्स थेट कोर्टातून येतं. सूत आणि कापडाच्या व्यवहारात उधारीपोटी दिलेले चेक किती फिरतात ते सोलापूरकरांना सांगायला नको. ‘पोलीस आले नाहीत म्हणजे फौजदारी नाही’ असं समजून ते समन्स कपाटात टाकणारे थेट वॉरंटाला सामोरे जातात.

*तपासून पाहा : कागदावर पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष, कलमं, आणि हजर राहण्याची तारीख-वेळ. या चार गोष्टी वेगळ्या वहीत उतरवा. हीच वही शेवटपर्यंत वापरायची आहे.*

टप्पा २ : एफआयआर मिळवा आणि शांतपणे वाचा

वकिलाकडे जायच्या आधी शक्य असेल तर एफआयआरची प्रत हातात असू द्या. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ या भागात तो शोधता येतो.

इथे हमखास चूक होते. सोलापूर शहर आणि सोलापूर ग्रामीण हे दोन वेगळे घटक आहेत. फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, जोडभावी पेठ, एमआयडीसी ही ठाणी शहर आयुक्तालयाची. मोहोळ, सांगोला, अक्कलकोट, करमाळा वगैरे अधीक्षकांच्या ग्रामीण घटकात. चुकीचा घटक निवडून ‘आपल्यावर गुन्हाच नाही’ म्हणून निश्चिंत झालेलं कुटुंब मी पाहिलं आहे. पोर्टलवर मिळाला नाही तर वकिलामार्फत कोर्टातून प्रत मागता येते.

वाचताना तीन गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ मारा : घटनेची वेळ, नोंदवायला लागलेला वेळ, आणि तुमच्या नावासमोर नेमकं काय केल्याचं लिहिलं आहे. सगळ्या कुटुंबाची नावं घातलेली असतात, पण कृत्य एखाद्याच्याच नावावर असतं. वकिलाला हेच आधी पाहायचं असतं.

त्याच दिवशी पुरावाही जपून ठेवा. दुकानाच्या किंवा अपार्टमेंटच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं. ज्याचा कॅमेरा आहे त्याला लेखी विनंती द्या, पोच घ्या. मोबाईलमधले मेसेज पुसू नका, तुमच्या विरोधातले वाटले तरी. पुसलेलं परत निघतं आणि ‘पुरावा नष्ट केला’ हा वेगळा आरोप लागतो.

*सावधान : फिर्यादीला फोन करून ‘मिटवून टाकू’ म्हणू नका, भेटायला माणसं पाठवू नका. साक्षीदारावर दबाव आणला हे जामिनाला विरोध करण्याचं पहिलं कारण असतं, आणि त्याचा पुरावा तुमचाच फोन देतो.*

टप्पा ३ : वकील कसा शोधायचा

नात्यातला वकील जमिनीचे दावे उत्तम चालवत असेल, पण फौजदारी बाजू वेगळी असते. अर्धा दिवस मोकळा काढा आणि ज्या कोर्टात प्रकरण जाणार त्या कोर्टात मागच्या बाकावर बसा. कोण उलटतपासणी घेतं, कोणाच्या तारखेला वकीलच हजर नसतो, कोण अशिलाला नीट समजावून सांगतं, हे तिथे दोन-तीन तासांत दिसतं. पाटीवरून किंवा काळ्या कोटावरून ते कळत नाही.

प्रकरण कुठे जाणार हेही आधी विचारा. तालुक्यातला गुन्हा तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुरू होतो. गंभीर गुन्हे सत्र न्यायालयात जातात, आणि जिल्ह्यात सोलापूरशिवाय पंढरपूर, बार्शी, माळशिरसलाही अतिरिक्त सत्र न्यायालयं आहेत. सांगोल्याच्या माणसाने सोलापुरातला वकील नेमला आणि प्रत्येक तारखेला त्याचा प्रवासखर्च भरला, असं होतं.

पहिल्या भेटीत हे विचारा, संकोच करू नका :

फी टप्प्यांप्रमाणे सांगा. अटकपूर्व किंवा नियमित जामिनाची किती, खटल्याची किती, मध्येच उच्च न्यायालयात जावं लागलं तर काय. पैसे देताना पावती घ्या, किमान बँकेतून द्या.

तारखेला स्वतः येणार की सहकारी वकील? सहकारी येणं वाईट नाही, पण तो कोण ते माहीत हवं.

कागदांच्या प्रती माझ्याकडे राहतील ना? मूळ कागद कुणालाच देऊन टाकू नका, प्रती द्या.

वकिलाला खरं सांगा. सगळं, लाजिरवाणंही. तुम्ही त्याला सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय त्याने बाहेर सांगायचं नसतं, कायदाच तसं बजावतो. लपवलेली गोष्ट सरकारी वकिलाच्या तोंडून कळली, की तुमचा वकील भर कोर्टात निरुत्तर होतो.

*सावधान : ‘जामिनाची गॅरंटी’ देणारा, निकालावर फी ठरवणारा किंवा ‘साहेबांना द्यायचे’ म्हणून वेगळी रक्कम मागणारा माणूस टाळा. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, आणि साहेबांच्या नावाने दिलेली रक्कम तुम्हालाच लाचेच्या गुन्ह्यात ओढू शकते.*

पैसे नसतील तर : हा भाग विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायांनी जरूर वाचावा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीत अर्ज द्यायचा. १५१०० या क्रमांकावरही मदत मिळते. फौजदारी बचावासाठी आता लोकअभिरक्षक कार्यालयाची योजना आहे, त्यातले वकील हेच काम करतात. ‘फुकटचा वकील लक्ष देत नाही’ हे मी खूप ऐकतो. तो तुमचा हक्काचा वकील आहे. भेटत नसेल, लक्ष देत नसेल तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा, वकील बदलून मिळतो. भांडी विकून कर्ज काढण्याआधी हे दार वाजवा.

टप्पा ४ : नोटीस आली किंवा अटकेची भीती असेल तर

सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या बहुतेक गुन्ह्यांत पोलिसांनी आधी कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यावी अशी अपेक्षा आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहत गेलात तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. ६० वर्षांवरील किंवा आजारी व्यक्तीला तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात अटक करायची तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. शहरात तोच दर्जा सहायक आयुक्तांचा.

ही नोटीस व्हॉट्सॲपवरून बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आहे. तरी मोबाईलवर आली तर दुर्लक्ष करू नका, वकिलाला दाखवा. आणि व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस ‘डिजिटल अटक’ झाल्याचं सांगू लागला तर फोन ठेवा. अशी अटक कायद्यात नाही.

नोटिशीनुसार जाताना वकील सोबत न्या. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र पूर्ण वेळ त्याला शेजारी बसवता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती तुमच्यावर नाही. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, हे कलम १८१ मध्येच आहे. नोटिशीची पोच मात्र सही करून द्यावी लागते. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर कधीच सही नको. आपल्या पूर्व भागातल्या अनेक वडीलधाऱ्यांना तेलुगू वाचता येतं, अक्कलकोटकडच्यांना कन्नड, मराठी अडखळत. त्यांनी स्पष्ट सांगावं, ‘मला वाचून, समजावून सांगा’, आणि तेवढ्यासाठी घरचं एक माणूस सोबत ठेवावं.

अटकेची खरी भीती असेल तर कलम ४८२ नुसार अटकपूर्व जामिनाचा अर्ज, सहसा आधी सत्र न्यायालयात. एफआयआर झालेलाच असावा लागतो असं नाही. अर्ज दाखल झाला की सरकारी पक्षाचं म्हणणं, कोर्टाच्या बोलीत ‘से’, मागवतात आणि त्यात दिवस जातात. म्हणून अंतरिम संरक्षणाची, म्हणजे निर्णय होईपर्यंत अटक न करण्याच्या आदेशाची, मागणी त्याच अर्जात असली पाहिजे. अर्ज दिला म्हणजे संरक्षण मिळालं, असं नाही. आदेश हातात येईपर्यंत अटक होऊ शकते. ॲट्रॉसिटी कायद्याच्या गुन्ह्यात कलम १८ मुळे अटकपूर्व जामिनाला बंदी आहे. आरोप प्रथमदर्शनी त्या कायद्यात बसतच नसेल तरच न्यायालय विचार करतं.

सत्र न्यायालयाने नाकारलं तर उच्च न्यायालय. त्यासाठी आता मुंबईची वारी नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये (खंडपीठासारख्या शाखेत) सोलापूर जिल्ह्याची प्रकरणं चालतात.

टप्पा ५ : अटक झालीच तर पहिले २४ तास

घरच्यांनी हा क्रम पाळावा.

कोणतं ठाणं, कोणता गुन्हा नंबर, तपासी अंमलदार कोण, हे विचारा. अटकेची माहिती नातेवाइकाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेची कारणं लेखी, आरोपीला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजेत. ती प्रत मागा, नसेल तर वकिलाने रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडी मागायला पोलीस कोर्टापुढे हजर करतात तेव्हा, तोच मुद्दा घ्यावा.

वकिलाला लगेच बोलवा आणि वकीलपत्रावर सही होईल असं पाहा. २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावंच लागतं. रविवार असला तरी रिमांडसाठी कोर्ट असतं, तेव्हा ‘सोमवारी बघू’ म्हणू नका.

वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना जुन्या-नव्या जखमा, चालू गोळ्या, सगळं सांगा. कोर्टात ‘पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का’ असं विचारतात. मार बसला असेल तर तिथेच सांगायचं. नंतर सांगितलेलं कुणी फारसं मनावर घेत नाही.

औषधं, चष्मा, बदलायचे कपडे वकिलामार्फत द्या.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हे तिन्ही लागतं.

*तपासून पाहा : पहिल्या रिमांडची तारीख वहीत मोठ्या अक्षरात लिहा. १० वर्षं किंवा अधिक, जन्मठेप वा फाशीच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, इतरांत ६० दिवसांत दोषारोपपत्र (तपास संपवून पोलीस कोर्टात देतात ते आरोपांचे कागद) आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. पण त्यासाठी अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी दिलेला असावा लागतो. एका दिवसाच्या उशिराने हा हक्क हातचा जातो, आणि मोजायला वकिलाकडे शंभर प्रकरणं असतात. तुम्ही मोजा.*

टप्पा ६ : जामीन मंजूर, पण जामीनदार?

आदेश झाला तरी माणूस आत राहतो, कारण जामीनदाराचे कागद तयार नसतात. म्हणून ही तयारी अर्ज देतानाच करायची.

जामीनदाराचं आधार, रेशन कार्ड, फोटो, आणि ऐपतीचा पुरावा : शेती असेल तर ताजा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ, शहरात घर असेल तर चालू घरपट्टीची पावती आणि उतारा, नोकरी असेल तर पगाराचा दाखला. सातबाऱ्यावर मोठा बोजा असेल तर अडतं. आदेशात ऐपतीचा दाखला मागितला असेल तर तहसीलमध्ये दिवस जातात. वकिलाला तेवढ्या काळासाठी तात्पुरत्या रोख जामिनाचा अर्ज द्यायला सांगा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना शहरात कुणी मिळत नाही. तेव्हा गावाकडच्या सातबारा असलेल्या मामाला, आत्याला आधीच विचारून ठेवा. त्यांनाही खरं सांगा : तुम्ही तारखा चुकवल्या तर बंधपत्राची रक्कम त्यांच्याकडून वसूल होऊ शकते.

जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर कायदाच तुम्हाला निर्धन समजतो आणि जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सोडण्याची तरतूद करतो (कलम ४७८). लोकांना हे माहीत नसतं आणि माणूस किरकोळ गुन्ह्यात आत राहतो.

*सावधान : कोर्टाबाहेर पैशावर ‘जामीनदार’ मिळवून देणारे भेटतात. त्यांचे कागद खोटे निघाले तर नवा गुन्हा तुमच्यावरही येतो. जामीनदाराने आधी किती जणांना जामीन दिला ते शपथेवर सांगावं लागतं.*

सुटल्यावर आदेशातल्या अटी वाचा. आठवड्याला ठाण्यात हजेरी असेल तर प्रत्येक हजेरीची नोंद सहीनिशी वहीत घ्या.

टप्पा ७ : तारीख म्हणजे तारीख

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, गुन्हा कितीही लहान असो.

ई-कोर्ट्स ॲपवर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून पुढची तारीख आणि टप्पा स्वतः पाहा. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहा. पुकाऱ्याच्या, म्हणजे तुमचं नाव पुकारण्याच्या, आधी दारात असा. आपली कितीतरी मुलं पुण्याला कामाला आहेत. सकाळी पुण्याहून इंद्रायणी गाडी धरली तर सोलापूरला पोचेपर्यंत दुपार होते आणि पुकारा होऊन गेलेला असतो. आदल्या संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने या.

येणं शक्यच नसेल, आजारपण असेल, तर वकिलाने त्या दिवशी गैरहजेरी माफीचा अर्ज द्यायचा, सोबत डॉक्टरांचा कागद. अर्ज न देता गैरहजर राहिलात तर अजामीनपात्र वॉरंट, जामीनदाराला नोटीस, आणि जामिनावर असताना हजर न राहणं हा न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा. वॉरंट निघालं असेल तर लपू नका. वकिलाबरोबर स्वतःहून कोर्टात जा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. स्वतःहून आलेल्याकडे न्यायाधीश वेगळ्या नजरेने पाहतात, पकडून आणलेल्याकडे वेगळ्या.

टप्पा ८ : दोषारोपपत्र आल्यावर

सगळ्या कागदांची प्रत मोफत मिळते, हजर झाल्यापासून १४ दिवसांत (कलम २३०). पानं मोजून घ्या, अपुरी किंवा न वाचता येणारी असतील तर लगेच सांगा. वाचताना पंचनाम्याची वेळ, पंच कोण, साक्षीदारांच्या जबाबात तुमचं नाव कुठे पहिल्यांदा आलं, हे टिपा. घटनास्थळ तुम्हाला माहीत असतं, वकिलाला नसतं. नकाशा काढून द्या. पुरेसा पुरावाच नसेल तर डिस्चार्जचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मुक्त करण्याचा, अर्ज करता येतो. न्यायदंडाधिकाऱ्यांकडच्या वॉरंट खटल्यात (दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात) त्याला कागद मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत आहे, म्हणून प्रती मिळाल्याची तारीखही वहीत हवी.

टप्पा ९ : ‘गुन्हा कबूल आहे का?’

न्यायाधीश आरोप वाचून हे विचारतात. दंड भरून एकदाचं संपवू म्हणून मुलं ‘हो’ म्हणतात. तो दोषसिद्धीचा शेरा पुढे पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत आणि सरकारी नोकरीत समोर येतो. वकिलाशी बोलल्याशिवाय कबुली देऊ नका.

तडजोडीबाबत मोठा गैरसमज आहे. नोटरीकडे ‘आमचं मिटलं’ असं लिहून खटला संपत नाही. कायद्याने तडजोडयोग्य गुन्हा असेल तर कोर्टापुढे किंवा लोकअदालतीत तो मिटवता येतो (कलम ३५९). विवाहितेच्या छळासारखा गुन्हा तडजोडयोग्य नाही. तिथे दोन्ही बाजूंच्या संमतीने उच्च न्यायालयातच, कलम ५२८ खाली, रद्द करून घ्यावा लागतो. मिटल्याच्या आनंदात दोन्ही घरांनी तारखा सोडल्या आणि वर्षभराने नवऱ्याला वॉरंटमध्ये उचललं, अशा घरात मी स्वतः जाऊन आलो आहे.

टप्पा १० : साक्षीपुरावा आणि निकालाचा दिवस

साक्षीदार तपासले जात असताना कोर्टात शांत बसा, चूक वाटलेलं चिठ्ठीवर लिहून वकिलाला द्या, मध्ये बोलू नका. सरकारी पुरावा संपल्यावर कलम ३५१ खाली न्यायाधीश तुम्हाला थेट प्रश्न विचारतात. सवयीने सगळ्यांना ‘खोटं आहे’ म्हणणं पुरत नाही. घटनेच्या वेळी तुम्ही दुसरीकडे असाल तर ते तिथे सांगायला हवं, आणि त्याचा साक्षीदार किंवा कागद बचावात द्यायला हवा.

निकालाच्या दिवशी जामीनदाराला त्याच्या कागदांसह सोबत न्या. शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल आणि तुम्ही जामिनावर असाल, तर अपिलासाठी तेच न्यायालय शिक्षा तात्पुरती थांबवू शकतं. जामीनदार नसेल तर संध्याकाळी थेट कारागृह. सत्र न्यायालयात अपिलाला ३० दिवस, उच्च न्यायालयात ६० दिवस. निकालपत्राची प्रत आरोपीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय आवार सोडू नका. आणि निर्दोष सुटलात तरी वरच्या न्यायालयाने बोलावलं तर हजर राहण्याचं सहा महिन्यांचं बंधपत्र कलम ४८१ खाली द्यावं लागतं. त्यासाठीही जामीनदार लागू शकतो, म्हणून मामाला घरी पाठवण्याआधी वकिलाला विचारा.